भिंत मूळ स्थितीत परत द्यावी

गॅलरीच्या करारात शेवटाकडे कुठेतरी एक ओळ असते, प्रदर्शन संपल्यावर जागा मूळ स्थितीत परत द्यावी. याआधी मी तीनदा त्याखाली सही केलीय आणि तिन्ही वेळा न वाचता. चौथ्या वेळी मात्र त्या ओळीने इतकं छळलं की आता ती तोंडपाठ आहे, कारण त्या प्रदर्शनात मी गॅलरीच्या भिंतीच घासून खालचे जुने रंग उघडे केले. भिंती घासायची परवानगी काढलीस कशी आणि पुढे काय झालं असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, थोडं लांबेल.

सुरुवात अगदी फालतू होती. एका ग्रुप शोची आवराआवर चालू होती, माझी दोन चित्रं उतरवून झाली, खिळा उपटला तर त्याच्याबरोबर भिंतीचा एक पोपडा पण निघून आला, अंगठ्याच्या नखाएवढा. फेकणारच होते पण हाताला चांगला जाड लागला म्हणून कडेने बघितलं तर कडेला पट्टे पट्टे. मोबाइलने झूम करून बघितलं. पांढरा, पांढरा, किंचित पिवळट पांढरा, मग एक काळी रेघ, परत पांढरा, मग निळा. सतरापर्यंत मोजले, त्याखालचे एकमेकांत मिसळले होते. म्हणजे जिला आपण कोरी भिंत म्हणतो आणि जिच्यावर आपणच पहिल्यांदा काहीतरी मांडतोय अशा थाटात उभे राहतो, ती सगळी आधीच्या लोकांची प्रदर्शनं एकावर एक गाडून तयार झालेली. आणि मी हे बघत उभी असताना पलीकडे रंगकाम करणारे काका माझ्याच खिळ्याच्या भोकात अंगठ्याने लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी, भरत होते. भरली, पत्रा फिरवला, पुढच्या भोकाकडे गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तो पोपडा मी डबीत घालून घरी आणला. कितीतरी महिने टेबलावर पडून होता.

आम्हाला शिकवताना पांढरी भिंत ही गोष्ट इतकी गृहीत धरली जायची की तिच्यावर कधी चर्चाच झाली नाही, पांढरा म्हणजे न्यूट्रल, विषय संपला. पण ती काही पहिल्यापासून पांढरी नव्हती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सलॉनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनात, चित्रं फ्रेमला फ्रेम चिकटवून पार छतापर्यंत लावायचे, भिंत दिसायचीच कुठे. १८८३ मध्ये व्हिस्लर या चित्रकाराने लंडनला आपल्या प्रदर्शनाचं अख्खं दालन पांढऱ्या-पिवळ्यात सजवलं आणि दारावरच्या माणसालाही त्याच रंगाचे कपडे घातले. १९२७ मध्ये लिसित्स्की या रशियन कलाकाराने हॅनोव्हरच्या म्युझियमसाठी एक खोली केली, तिच्या भिंतींवर उभ्या पट्ट्या होत्या, तुम्ही चालायला लागलात की भिंत पांढऱ्याची राखाडी आणि राखाडीची काळी व्हायची. मला हे प्रकरण भयंकर आवडतं, कारण तिथे भिंत गप्प बसायलाच तयार नाही. पांढऱ्याची सवय त्यानंतर हळूहळू सगळीकडे पसरली, आणि १९७६ मध्ये ब्रायन ओ'डोहर्टी या कलाकार-समीक्षकाने आर्टफोरम या कलेच्या मासिकात लेख लिहून सांगितलं की हा पांढरा ठोकळा, म्हणजे गॅलरीची पांढरी खोली, बिलकुल न्यूट्रल नाहीये, तिथे ठेवलेल्या कशालाही तो कला बनवतो आणि आत आलेल्या माणसाला फक्त डोळे बनवतो. ते लेख मी आधीच वाचले होते. पण खरं सांगायचं तर लेखांपेक्षा तो पोपडाच जास्त पटला.

तर आयडिया अशी की प्रदर्शनात काही लावायचंच नाही. उलट काढायचं. तीन भिंतींवर तीन गोल, प्रत्येक गोल बाहेरून आत थर थर घासत जायचा, म्हणजे झाडाच्या बुंध्यात वर्तुळं दिसतात तशी रंगांची वर्तुळं दिसतील. चौथी भिंत होती तशी पांढरी ठेवायची.

आता परवानगी.

गॅलरी एका ट्रस्टची आहे, नाव सांगत नाही, रोजचं काम बघणाऱ्या मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी प्रपोजल वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पण विकायला काय असेल?" काहीच नाही म्हटलं. मग दुसरा, "आणि भिंत पडली तर?" हसू नका, प्रश्न बरोबर होता, त्यांना कमिटीला उत्तर द्यायचं असतं. कमिटीत एक काका होते (रंगवाले नव्हे, ट्रस्टी), ते म्हणाले या आमच्या गॅलरीच्या भिंती आहेत, तुमचा कॅनव्हास नाही. मी म्हटलं सर, चित्र लावायला मी या भिंतीत चाळीस खिळे ठोकले तर चालतात ना? ते म्हणाले चालतात, खिळे ठोकायलाच तर भिंत आहे. इथे मी गप्प बसले, वाद घालायची जागा नव्हती ती, पण हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.

पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्यांदा गेले ते तोंडी काही सांगायचंच नाही असं ठरवून. स्टोअररूमच्या दारामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तळहाताएवढा तुकडा घासून दाखवते एवढीच परवानगी मागितली. मॅडमनी स्वतःच्या अधिकारात दिली. तो तुकडा झाल्यावर बघायला त्या आल्या आणि सात-आठ मिनिटं तिथेच उकिडव्या बसून राहिल्या, मग एका राखाडी कडीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा राखाडी मला आठवतोय, मी नवीनच लागले होते." माझी सगळी थिअरी एकीकडे आणि हे एकीकडे. परवानगी त्या राखाडीने मिळवली.

अर्थात कागद काही चुकले नाहीत. भिंतींचे आधीचे फोटो, नंतर करायच्या दुरुस्तीचं वेगळं हमीपत्र, जास्तीचं डिपॉझिट, धूळ बाहेर जाणार नाही याची हमी, विजेच्या वायरी कुठून गेल्यात त्याचा नकाशा, रात्री काम केलं तर कोण थांबणार त्याचं पत्र. चित्रं लावायची असती तर एका फॉर्मवर काम झालं असतं. गॅलरीच्या रीतीविरुद्ध काही करायचं असेल तर आधी गॅलरीच्या रीती पाठ कराव्या लागतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना आवर्जून सांगते, जुना रंग घासायचा असेल तर आधी शिसं तपासा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ थेट फुफ्फुसात. टेस्ट स्वॅब मिळतात, प्रत्येक थर उघडा करून त्यावर चोळायचे. आमचे वरचे सगळे थर ठीक निघाले. सगळ्यात खाली एक हिरवा होता, गडद आणि चकचकीत, जुन्या ऑफिसांच्या भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत असायचा तसा. त्यावर स्वॅब लाल झाला. तिथेच ठरलं की हिरव्याला हात लावायचा नाही. म्हणजे माझ्या प्रपोजलमध्ये मोठ्या रुबाबात लिहिलेलं "थेट गिलाव्यापर्यंत" हे रद्द, गोलाचा मध्य हिरवा राहणार, आणि हिरव्याखाली काय आहे ते कुणालाच कळणार नाही. मला वाईट वाटलं होतं तेव्हा.

त्याहून वाईट पुढच्याच आठवड्यात. रात्री एका मैत्रिणीने एक फोटो पाठवला, खाली फक्त "हे बघितलंयस ना?" भिंतीवर घासून काढलेला गोल, रंगीत वर्तुळं, हुबेहूब. पिएर ह्यूग हा फ्रेंच कलाकार, कामाचं नाव टाइमकीपर, १९९९, व्हिएन्नाचं सेसेशन हे कलादालन. तिथल्या भिंतीचे आधीच्या प्रदर्शनांचे थर त्याने घासून काढले होते. मी बघितलं नव्हतं. खरंच नव्हतं. पण हे कोण मानणार, मी तरी मानलं असतं का. दोन दिवस फोन उचलला नाही, प्रपोजल मागे घ्यायचा मेल पण लिहिला, ड्राफ्टमध्ये ठेवला.

मग राग काढायला म्हणून शोधायला लागले की ह्यूगच्या आधी कोण होतं, आणि त्या शोधाने मला वाचवलं. मायकेल ॲशरने १९७३ मध्ये मिलानच्या तोसेली गॅलरीत वाळूच्या फवाऱ्याने भिंतींवरचा सगळा पांढरा रंग उडवला होता, खालचा तपकिरी गिलावा दिसायला लागला, बस तेच प्रदर्शन. वर्षभराने लॉस एंजेलिसला क्लेअर कॉप्ली गॅलरीत त्याने ऑफिस आणि दालन यांच्यामधली भिंतच काढून टाकली, त्यामुळे येणाऱ्यांना गॅलरीवाले टेबलाशी बसून धंद्याचं बोलताना दिसायला लागले. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, लॉरेन्स वीनरचं एक काम आहे, भिंतीतून छत्तीस इंच बाय छत्तीस इंच चौकोन आतल्या आधारापर्यंत काढून टाकायचा एवढंच, आणि पुढच्या वर्षी बर्नमध्ये हाराल्ड झेमान या क्युरेटरने मांडलेल्या प्रदर्शनात तो खरोखर काढला. त्याच्याआधी १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्वॉन गॅलरीत विल्यम अनास्तासीने भिंतींचे फोटो काढले, भिंतीपेक्षा जरासे लहान छापले आणि त्याच भिंतींवर लावले. म्हणजे भिंतीवर भिंतीचं चित्र, प्लगसकट. ही सगळी मंडळी रांगेत उभी दिसली तेव्हा जरा बरं वाटलं, रांगेत शेवटी उभं राहण्यात लाज कसली. ड्राफ्टमधला मेल उडवला. दाराशी लावायच्या मजकुरात ह्यूगचं नाव पहिल्याच ओळीत घातलं, म्हणजे कुणी फोटो पाठवायच्या आधी मीच सांगितलेलं असेल.

पण माझं त्यांच्याहून वेगळं काय, हा प्रश्न होताच. आणि त्याचं उत्तर रोज सकाळी शिडी घेऊन यायचं. रंगवाले काका.

काका या गॅलरीत वीसेक वर्षं रंग देतायत. प्रत्येक शो उतरला की रात्री येतात, भोकं भरतात, घासतात, दोन हात मारतात, सकाळी पुढच्याला कोरी भिंत मिळते. मी त्यांना विचारलं तेव्हा आधी त्यांना वाटलं मी कामाची तक्रार करतेय. "ताई, कुठे रंग सुटलाय का?" नाही काका, मला तुमचा रंग काढायचाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मग मी डबीतला पोपडा दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि वरून खाली मोजायला लागले, मला जिथे नुसता पांढरा दिसत होता तिथे त्यांना चार वेगळे पांढरे दिसत होते, हा कंपनी बदलली तेव्हाचा, हा डिस्टेंपर आहे बघा, हा पावसाळ्यात मारला होता म्हणून पिवळा पडलाय.

काम सुरू केलं ते मी आणि दोन विद्यार्थी, हातात घासायचं मशीन. पहिल्या चार सेकंदांत मशीन निळ्यापासून थेट हिरव्यापर्यंत गेलं. एक हात रंग वाळल्यावर कागदाएवढाही जाड उरत नाही, त्यावर मशीन म्हणजे विनोदच, आणि वर शिशाचा थर खरवडला गेला म्हणून सगळं थांबवून ओल्या फडक्याने पुसणं वगैरे. काका कोपऱ्यात उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी येताना लाकडाचा एक ठोकळा घेऊन आले. त्याला वॉटर पेपर गुंडाळून, पाणी मारून, गोल नाही तर छोटे छोटे आठचे आकडे काढत घासायचं. कोरडं घासलं तर प्लास्टिक इमल्शन गरम होऊन पेपरला चिकटतं आणि पेपर दोन मिनिटांत गुळगुळीत होतो, हे आम्हाला तीन डझन पेपर वाया घालवून कळलं होतं. आधी एकशेवीस नंबर, थर बदलायला लागला की दोनशेवीस, शेवटी चारशे. काळा थर आला की सगळ्यात जास्त कटकट, त्याचा चिखल वरच्या पांढऱ्यात शिरतो, मग प्रत्येक दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा. एका गोलाला साडेपाच दिवस लागले. मास्क, चष्मा, मनगटं गेली कामातून. पांढऱ्यातून पांढरा वेगळा काढताना तर दिवसाच्या शेवटी वेड लागायची पाळी यायची, कुठे थांबायचं तेच कळत नाही. तिथे काका बोटाने सांगायचे, इथून वेगळा लागतो. डोळ्याने नाही, बोटाने.

गोलाचा मध्य मी जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर घेतला होता. बऱ्याच गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य साधारण तेवढ्याच उंचीवर धरतात, डोळ्यासमोर येतो म्हणून. सगळे नियम मोडायचे नव्हते मला, एक तरी पाळल्याशिवाय मोडलेले दिसत नाहीत.

लायटिंगवरून मात्र काकांशी चक्क वाद झाला. गॅलरीत स्पॉट वरून तिरके सोडतात, साधारण तीस अंशांत, म्हणजे चमक डोळ्यात येत नाही आणि भिंत सपाट दिसते. मला उलट हवं होतं, भिंतीला घासत जाणारा प्रकाश, कडेने, म्हणजे प्रत्येक थराची कड उठून दिसेल. काका म्हणाले, "ताई, असा लाइट लावलात तर माझी सगळी भिंत उघडी पडेल." नंतर त्यांनी दाखवलं, ते स्वतः रंग तपासताना हेच करतात, वायरला लटकवलेला बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून वरून खाली नेतात, त्यात प्रत्येक खड्डा, ब्रशचा केस, लांबीची कड दिसते. तो तपासायचा उजेड आहे, लोकांना दाखवायचा नाही. मी हट्ट केला आणि लाइट तसेच लावले, आणि मला अजूनही नक्की सांगता येत नाही की मी बरोबर केलं का. कारण गोल सुंदर दिसले हे खरं, पण गोलांच्या बाहेरची उरलेली भिंत, काकांची वीस वर्षांची भिंत, तीही सगळ्या लाटांसकट दिसत होती.

आणि मग नावाचा प्रश्न. माझं डोक्यात पक्कं होतं की दाराशी माझ्या नावाबरोबर काकांचं नाव येणार. मोठं. माझ्या डोळ्यासमोर मिअर्ल लॅडरमन युकेलिस ही अमेरिकन कलाकार होती, जिने १९६९ मध्ये जाहीरनामा लिहून सांगितलं की साफसफाई, देखभाल हीसुद्धा कला, आणि १९७३ मध्ये हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम म्युझियमच्या पायऱ्या आणि फरशा स्वतः तासन्‌तास पुसल्या. तिथेच तिने एक भन्नाट गोष्ट केली होती, ममी ठेवलेली काचेची पेटी एरवी सफाईवाला पुसायचा, तीच पेटी तिने पुसून त्यावर कलाकृती म्हणून शिक्का मारला, झालं, आता सफाईवाल्याला तिला हात लावता येईना, तज्ज्ञ कॉन्झर्व्हेटरच लागणार. फडकं तेच, काच तीच. काकांना मी ही गोष्ट रंगवून सांगितली, ते मनापासून हसले. मग म्हणाले, "पण ताई, माझं नाव नका टाकू."

मला वाटलं संकोच आहे. नव्हता. त्यांनी शांतपणे समजावलं की त्यांना अजून चार ठिकाणी काम असतं, तिथल्या कुणी येऊन बघितलं तर काय वाचणार, भिंत खराब करण्यात याचा हात होता. "तुमचं नाव भिंत खरवडल्याने होतंय, माझं भिंत गुळगुळीत दिसल्याने." एवढं बोलून ते शिडी घडी करायला लागले. मी दोन रात्री यावर चडफडत होते, आधी त्यांच्यावर, मग स्वतःवर. ज्या माणसासाठी म्हणून मी हे सगळं करतेय असं मी लोकांना सांगत फिरत होते त्याला ते नकोच होतं, आणि त्याचं कारण माझ्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त सरळ होतं. शेवटी नाव टाकलं नाही. मानधन माझ्याइतकंच दिलं, कागदावर "सहकलाकार" लिहून, तो कागद फक्त ट्रस्टच्या फायलीत आहे.

२०१६ मध्ये मारिया आयकहॉर्नने लंडनच्या चिझनहेल गॅलरीत पाच आठवडे गॅलरी बंद ठेवली आणि सगळ्या स्टाफला पगारी सुट्टी दिली, तेच तिचं प्रदर्शन. तेव्हा वाचून मला ते जरा शहाणपणाचं नाटक वाटलं होतं. काकांशी ते बोलणं झाल्यावर परत वाचलं.

ओपनिंगला लोक बरे आले. अर्धे दारातून डोकावून "अजून लावायचंय वाटतं" म्हणत परत गेले, त्यांना थांबवायचं नाही असं मी विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं होतं. एका गृहस्थांनी पूर्ण वीस मिनिटं चौथी, न घासलेली भिंत बघितली, त्यांना ती कलाकृती वाटली, आणि मला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही. एका लहान मुलीने सरळ गोलावर हात ठेवला, आई ओरडली, मी म्हटलं ठेवू दे. मग बाकीच्यांनीही हात लावायला सुरुवात केली. तिथे पहिल्यांदाच कळलं की वर्तुळांना कड आहे, बोट बाहेरून आत नेलं की पायऱ्या उतरल्यासारखं लागतं. गॅलरीत भिंतीला हात लावणारी माणसं मी त्याआधी फक्त प्रदर्शन उतरवताना बघितली होती.

चौथ्या दिवशी एक बाई आल्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. निळ्या कडीसमोर थांबल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, हा माझा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचं इथे प्रदर्शन झालं होतं, पेस्टलची चित्रं, त्यांना पांढऱ्यावर ती फिकट वाटत होती म्हणून भिंती निळ्या हव्या होत्या, आणि त्यासाठी त्या कमिटीशी तीन आठवडे भांडल्या होत्या. शेवटी एकच भिंत मिळाली. प्रदर्शन उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी विसरलेली छत्री न्यायला आल्या तर भिंत पांढरी झालेली. मी त्यांना विचारलं, काही विकलं गेलं होतं का? त्या म्हणाल्या एकही नाही, पण भिंत आवडली होती लोकांना. मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला आणि जवळ जाऊन बघितलं, निळ्याची कड किती रुंद आहे ते, दोन बोटं होती. "तीन हात मारायला लावले होते मी," म्हणाल्या. मी काकांना रात्री फोन करून विचारलं, निळा किती हात? ते म्हणाले, "तीन. फार चिकट बाई होत्या."

मी ते त्या बाईंना कळवलं नाही.

काका ओपनिंगला आले नव्हते, मधल्या एका दिवशी दुपारी आले, मागच्या दाराने, कामाच्याच कपड्यांत. तिन्ही गोल बघितले. दुसऱ्यात एके ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, इथे घाई झालीय, दोन पांढरे एकत्र गेलेत. बरोबर होतं, त्या दिवशी मनगट दुखत होतं. अख्ख्या प्रदर्शनावर मला मिळालेली ती सगळ्यात चांगली समीक्षा. वर्तमानपत्रात जे थोडं छापून आलं त्यात "गॅलरी व्यवस्थेला आव्हान" असा शब्द होता. आणि त्याच दिवशी गॅलरीने स्वतःच्या इन्स्टावर गोलाचा फोटो टाकला, खाली हृदयं आणि "आमच्या भिंतींची गोष्ट". आता ज्याला आव्हान दिलं तोच इतका खूश झाला तर त्याला आव्हान म्हणायचं का, मला माहीत नाही. मी पण तो फोटो शेअर केला.

मग आली ती ओळ. जागा मूळ स्थितीत परत द्यावी. दुरुस्ती अर्थातच काकांनीच करायची होती. सामान घेऊन आले, गोलासमोर उभे राहिले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मूळ म्हणजे कुठली ताई? हिरवी करू?" मग स्वतःच हसले. लांबीचे चार थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, मग प्रायमर, मग तीन हात. मी शिडी धरली होती. पहिल्या थरात निळा गेला, मग काळी रेघ, हिरवा सगळ्यात शेवटपर्यंत लांबीतून अंधूक दिसत राहिला, मग तोही गेला. शेवटी त्यांनी बल्ब लावून तपासलं आणि बंद केला.

दहा दिवसांनी ट्रस्टकडून मेल. डिपॉझिटमधून काही रक्कम कापण्यात येत आहे, कारण भिंत क्रमांक दोन समतल नाही. कमिटीतल्या कुणीतरी, प्रदर्शनात बघून शिकल्यासारखं, कडेने लाइट मारून बघितलं असणार. मी चिडून काकांना घेऊनच गेले. मॅडम होत्या, पुढच्या शोची चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली, सगळे घाईत. काकांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि सहा फुटी पट्टी, ओळंबा वरून सोडला, पट्टी आडवी लावली आणि मॅडमना बोलावून दाखवलं. आमचा गोल जिथे होता तिथे पट्टी नीट टेकत होती. त्याच्या उजवीकडे, आम्ही जिथे हातही लावला नव्हता तिथे, पट्टीच्या दोन्ही टोकांखालून बोट सहज जात होतं.

"पोट आहे भिंतीला," काका म्हणाले. "बांधली तेव्हापासून आहे. मी दर वेळी लांबीने झाकतो."

मॅडमनी बराच वेळ पट्टीकडे बघितलं, म्हणाल्या कमिटीला सांगते. आणि मग, तुम्ही आलाच आहात तर, दाराजवळ एक खिळा चुकून वर ठोकला गेलाय, तेवढं भोक भरून द्याल का. काकांनी ओळंब्याची दोरी गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि लांबीची पुडी बाहेर काढली.